एक कप व्हिनेगर

लाफायेटमध्ये ऑगस्टात लोक देवाला हाक मारत नाहीत,
मला मारतात.
बाप कोळंबीच्या बोटीवर जायचा, मी माळ्यांवर जातो.
त्याचं पाणी पायाखाली असायचं;
माझं नेहमी कुणाच्या तरी डोक्यावर.

ओडील ब्रूसार्डबाईंच्या पॅसेजमध्ये छताला डाग:
कोऱ्या चहाचा, कडेला गडद, मध्ये फुगलेला.
खाली गंबोचं मोठं पातेलं.
दर अकरा सेकंदांनी टप्‌.
मोजलेत त्यांनी. रात्री दुसरं काय करायचं.
भिंतीकडची लाकडी फरशी उचललेली,
जणू कुणी खालून नखानं सोलतंय.
"छपराचं असेल," म्हणाल्या.
"पण पाऊस कुठाय?"
"नाहीच की," म्हणाल्या,
जसा तो आणायला मीच विसरलो होतो.

माळ्यावर पंचावन्न अंश.
घाम भुवईवरून थेट डोळ्यात.
फायबरचा गुलाबी कापूस भिजून लोळागोळा,
यंत्राखालचा पत्र्याचा ट्रे गंजून चाळण,
आणि पाऊण इंची पाइपात शेवाळ,
जेलीसारखं, बोटभर जाड, सुखात.
एसीची चूक नव्हती.
तो हवेतलं पाणी काढत होता,
दिवसाला दोन बादल्या, इमानानं.
पाण्याला वाट नव्हती, एवढंच.
ट्रे भरला की यंत्र बंद पाडणारा
एक छोटा तरंगता खटका असतो.
त्याच्या दोन्ही वायरी कुणीतरी एकत्र पिळून
काळ्या टेपनं गुंडाळल्या होत्या.

"शेजारच्या ट्रेव्हनला मीच सांगितलं," खालून आवाज.
"सारखं बंद पडायचं. उकडत होतं रे मला."
मी काही बोललो नाही.
ओरडणाऱ्याचं तोंड बांधायचं,
हे काय त्यांनी एकट्यांनीच केलंय?

मग बॅटरीचा झोत तुळईवर गेला.
पेन्सिल. बारीक, तिरकं अक्षर.

३ फेब्रुवारी. एक कप व्हिनेगर.
२ मार्च. एक कप. गुडघा.
६ एप्रिल. एक कप. वटवाघूळ आहे. राहू दे.
४ मे. एक कप.
१ जून. एक कप. ओडील बिंगोला. शिडी धरायला कुणी नाही.

वरच्या तुळईवर त्याआधीची वर्षं, त्याच्या वरच्या तुळईवर त्याही आधीची,
तीस वर्षांचे पहिले शनिवार.
जूनच्या पुढं कोरं लाकूड.

फोटो काढून खाली आणला.
चष्मा शोधण्यात वेळ गेला, तो गळ्यातच होता.
"ह्याला वाटलं मला कळत नाही," त्या म्हणाल्या.
"शनिवारी अंगाला आंबूस वास यायचा.
मी समजत होते वर बसून पितो.
तीस वर्षं म्हणत आले, कुठंतरी पाणी मुरतंय.
पाद्रीबाबांनाही सांगितलं होतं."
हसल्या.
पातेल्यात टप्‌.
मग अकरा सेकंद आम्ही दोघं गप्प.

फुगलेल्या छताला स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडलं.
पाडावंच लागतं, नाहीतर अख्खा बोर्ड अंगावर येतो.
पातेलं भरलं, मग बादली,
मग भाताचा कुकर, मग जे हाताला लागेल ते.
बाहेरून व्हॅक्यूम लावला;
शेवाळ एकदम सुटलं, लांबलचक, हिरवट,
अंगणातलं मांजर लांबूनच बघून परत गेलं.
टेप सोडवली. खटका बोटानं उचलला.
एसी पटकन बंद पडला.
छान.

"आता दर शनिवारी ट्रेव्हनला चढवते," म्हणाल्या.
"दर नाही, पहिल्याच."
"पहिल्याच," त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला,"
आणि फोटोतल्या वटवाघळापाशी बोट ठेवून
पुन्हा वाचत बसल्या.

हत्यारं राहिली होती म्हणून वर गेलो.
उतरताना जाणवलं, शिडी हलत नाहीये.
खाली बाई. दोन्ही हातांनी, ओठ आवळून.
वजन कसलं असणार त्यांच्यात,
मी घसरलो असतो तर दोघंही पातेल्यात.
पण घट्ट धरली होती.